वापरलेल्या पॉवर्ड स्पीकरमधला दोष शोधताना: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

वापरलेला पॉवर्ड, म्हणजे अ‍ॅम्प आतच असलेला, स्पीकर हातात येतो, लावल्यावर घुमतो किंवा फाटका वाजतो, आणि लगेच मागचे स्क्रू खोलायला सुरुवात होते. बहुतेकांचं इथेच चुकतं. या एका खोक्यात इनपुटचा प्रीअ‍ॅम्प, क्रॉसओव्हर (जाड आणि बारीक आवाज वेगळे करणारा भाग), अ‍ॅम्प्लिफायर, पॉवर सप्लाय, वूफर (जाड आवाजाचा) आणि हॉर्न (बारीक आवाजाचा) एवढं सगळं असतं. त्याच्या अलीकडे केबल, मिक्सर, फोन आणि विजेचा बोर्ड. बिघाड यांपैकी कुठेही असला तरी आवाज स्पीकरमधूनच बाहेर पडतो, म्हणून आळ त्याच्यावर येतो आणि धडधाकट वूफर बदलला जातो.

खालच्या सगळ्या टप्प्यांना तीन नियम लागू आहेत. तपासणी बाहेरून आत करत जायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि काय बदललं, त्याने काय झालं, हे त्याच वेळी लिहून ठेवायचं. तिसरा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, आणि मग तासाभराने केबल बदलल्याने घूं थांबली की सॉकेट बदलल्याने, हे कोणालाच आठवत नाही.

## टप्पा १: तयारी

हे सामान आधी जमवा:

- दोन एक्सएलआर (तीन पिनांच्या, माइकला लागतात तशा) केबली, स्वतः तपासलेल्या
- बॅटरीवर चालणारा फोन, एअरप्लेन मोडवर, चार्जर न लावता
- एक साधा डायनॅमिक माइक
- मल्टिमीटर
- फोनमध्ये उतरवून घेतलेले साइन टोन (एकाच सुराचा सलग आवाज), पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेली 'श्शऽऽ') आणि कानाला पाठ असलेली दोन गाणी
- वही

फोन बॅटरीवरच का? कारण त्याचा अर्थिंगशी काही संबंध नसतो. लॅपटॉप किंवा मिक्सर लावून तपासणी सुरू केली, की स्पीकरचा दोष आणि त्या यंत्राने आणलेला आवाज यांची सरमिसळ होते.

केबली मल्टिमीटरच्या बीप मोडवर तपासा. एका टोकाची पिन १ दुसऱ्या टोकाच्या १ ला, २ ही २ ला, ३ ही ३ ला जुळली पाहिजे, आणि तिन्ही एकमेकींना कुठेही लागता कामा नयेत. बीप वाजत असताना कनेक्टरजवळ केबल वाकवून पाहा. आवाज तुटला, तर ती केबल बाजूला ठेवा. केबल बहुधा मध्ये तुटत नाही, कनेक्टरच्या तोंडाशी तुटते.

स्पीकर शांत खोलीत, भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून दूर, मोकळ्या स्टँडवर ठेवा. कोपऱ्यात बेस फुगतो, आणि शेजारच्या कपाटाची काच थरथरली तरी वूफर फाटल्यासारखं वाटतं.

## टप्पा २: वीज लावण्याआधी

मागे व्होल्टेज निवडायचा स्विच आहे का ते पाहा. ११५ व्होल्टवर ठेवलेला स्पीकर २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला, तर पॉवर सप्लाय तत्क्षणी जातो. दुसऱ्या देशातून आलेल्या स्पीकरच्या बाबतीत ही तपासणी विसरून चालणारच नाही.

फ्यूज काढून बघा. वर छापलेला अँपिअरचा आकडा आणि प्रकार पॅनलवर लिहिल्याप्रमाणेच हवा. आधीच्या मालकाने जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घातलेला दिसला, तर आत काहीतरी शॉर्ट झालेलं असण्याची दाट शक्यता आहे. तो स्पीकर तुम्ही चालू करू नका.

मग स्पीकर हळूच तिरका करा. आत काही गडगडलं, तर एखादा स्क्रू किंवा त्याहून वजनदार भाग सुटला आहे. पोर्टच्या (खोक्याला असलेल्या हवेच्या भोकाच्या) तोंडाशी वास घ्या, जळक्या वार्निशचा वास खूप दिवस टिकतो. स्क्रूंची डोकी झिजलेली असली, तर हा स्पीकर आधी उघडला गेलाय हे लिहून ठेवा.

सावधान: प्लगची अर्थ पिन तुटलेली असेल, तर केबल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: काहीही न जोडता चालू करा

सगळ्या इनपुट केबली काढा, सगळे लेव्हल नॉब शून्यावर न्या, ब्लूटूथ असेल तर बंद करा. आता चालू करा आणि मिनिटभर नुसतं ऐका.

चालू होताना हलका 'टक' चालतो. हॉर्नजवळ गेल्यावर मंद 'सूऽऽ' ऐकू येणंही स्वाभाविक आहे. वूफरचा कोन (पुढचा शंकूसारखा पडदा) मात्र पुढे किंवा मागे सरकून तिथेच ताठ राहिला, तर ताबडतोब बंद करा. अ‍ॅम्पमधून डीसी (एकाच दिशेची सलग वीज) बाहेर येतोय, आणि तो थोड्याच वेळात वूफरची कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) जाळेल.

पडताळणी: काहीही जोडलेलं नसताना आणि नॉब शून्यावर असताना घूं येत असेल, तर दोष खोक्याच्या आत आहे. थेट टप्पा ७ च्या पहिल्या भागाकडे जा. आता शांतता असेल आणि केबल लावल्यावरच घूं सुरू होत असेल, तर दोष बाहेर आहे. ही एकच तपासणी अर्धं काम करून टाकते, आणि नेमकी हीच गाळली जाते.

## टप्पा ४: पॅनलवरची बटणं मूळ स्थितीत आणा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण 'बेस गेला' म्हणून आणलेल्या स्पीकरचं उत्तर कित्येकदा इथेच सापडतं. आधीच्या मालकाने सबवूफर जोडलेला असेल, तर हाय-पास किंवा लो-कट चालू राहिलेला असतो. साधारण १०० हर्ट्झच्या खालचं सगळं तो कापतो, आणि वूफर ठणठणीत असूनही स्पीकर पातळ वाजतो.

डिस्प्ले असलेल्या स्पीकरमध्ये मेनूतून फॅक्टरी रीसेट करा. नसेल तर हाताने: लो-कट बंद, ईक्यू (बेस-ट्रेबलची मांडणी) सपाट, मॉनिटर मोडऐवजी साधा मोड, डीले शून्य. मग वीज बंद करून प्रत्येक बटण वीस-पंचवीस वेळा दाबा आणि प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा. पडून राहिलेल्या स्विचच्या संपर्कांवर थर जमतो, तो एवढ्यानेही बराच निघतो. तरी खरखर राहिली, तर नॉबच्या दांड्याच्या फटीत काँटॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारा आणि पूर्ण सुकू द्या. गंजावर वापरायचं साधं तेलकट स्प्रे इथे नको. त्याचा थर आत राहतो आणि धूळ धरतो.

## टप्पा ५: पहिला सिग्नल, तोही योग्य केबलने

फोनच्या ३.५ मिमी जॅकमधून स्पीकरच्या बॅलन्स्ड इनपुटला जाताना जी चूक होते, तिच्यामुळे चांगले स्पीकर बिघडलेले ठरतात. बाजारात मिळणाऱ्या काही केबलींत फोनचा डावा चॅनल पिन २ ला आणि उजवा पिन ३ ला जोडलेला असतो. बॅलन्स्ड इनपुट या दोन पिनांमधला फक्त फरक वाजवतं. गाण्यात जे दोन्ही चॅनलमध्ये सारखं असतं, म्हणजे मुख्य गायकाचा आवाज, किक आणि बेस, ते सगळं एकमेकांतून वजा होतं. मागे उरतो पोकळ, दूरवरून आल्यासारखा आवाज. हॉर्नही बरोबर असतो, वूफरही. चूक केबलची.

उपाय सोपा आहे. फोनमधून डाव्या-उजव्या अशा दोन वेगळ्या जॅकमध्ये जाणारी केबल घ्या आणि त्यांपैकी एकच जॅक स्पीकरला लावा. किंवा स्टेरिओ डीआय बॉक्स (साधा सिग्नल बॅलन्स्ड करणारी डबी) वापरा.

यानंतर माइक-लाइन स्विच. व्यावसायिक मिक्सरची लाइन पातळी +४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट असते. माइकचा सिग्नल साधारणपणे काही मिलिव्होल्टचा. स्विच माइकवर ठेवून मिक्सर लावला तर नॉब जरासा उघडताच आवाज फाटतो, आणि लाइनवर ठेवून माइक लावला तर कुजबुजल्याइतकाच येतो. दोन्ही वेळा संशय अ‍ॅम्पवर जातो.

लेव्हल लावायचा क्रम असा: फोनचा आवाज पूर्णाच्या थोडा खाली, स्पीकरचा नॉब शून्यापासून हळूहळू वर. नॉबवर ० डीबी किंवा मधली खूण असेल, तर लाइन सिग्नलला तिथपर्यंत पुरेसा आवाज मिळायला हवा. पूर्ण उघडूनही दबका येत असेल तर ते वहीत लिहा.

पडताळणी: सिग्नलचा दिवा लागतो पण आवाज नाही, तर इनपुटचा भाग चालू आहे आणि बिघाड पुढे आहे. दिवाच लागत नाही, तर दुसरं इनपुट वापरून पाहा. दुसऱ्यावर वाजला, तर पहिल्या इनपुटचा सॉकेट किंवा त्याचं सोल्डर गेलंय, बाकी यंत्र ठीक आहे.

## टप्पा ६: अदलाबदल

स्पीकर जोडीने घेतले असतील तर तुमच्याकडे सगळ्यात उत्तम मोजमापाचं साधन आधीच आहे: दुसरा स्पीकर.

डावीकडचा खराब वाजतोय असं धरू. मिक्सरला हात न लावता स्पीकरकडच्या बाजूने केबलींची अदलाबदल करा. खराबी आता उजव्या स्पीकरमध्ये गेली, तर डावा स्पीकर निर्दोष, दोष केबलीत किंवा मिक्सरच्या आउटपुटमध्ये. खराबी डावीकडेच राहिली, तर दोष त्या स्पीकरचा किंवा त्याच्या विजेच्या जोडणीचा. मग दोघांच्या वीज-केबली आणि सॉकेट बदलून हा शेवटचा फाटाही मिटवा.

जोडीत आणखी एक लपलेला दोष असतो. दोन्ही स्पीकर एकेकटे छान वाजतात, पण एकत्र लावले की बेस गायब होतो. दोघांना शेजारी-शेजारी ठेवून एकच मोनो सिग्नल द्या आणि एकाची केबल काढा. काढल्यावर बेस वाढला, तर दोघांपैकी एकाची पोलॅरिटी (+ आणि − ची जोडणी) उलटी आहे. एखाद्या केबलीत पिन २ आणि ३ उलट जोडल्या असतील, किंवा वूफर बदलताना कोणीतरी तारा उलट लावल्या असतील. तपासलेल्या केबली लावूनही तेच झालं, तर दुसरी शक्यता खरी.

## टप्पा ७: आवाज ओळखा

### घूं आणि भणभण

केबल लावल्यावरच घूं येत असेल, तर बहुधा ग्राउंड लूप आहे: मिक्सर आणि स्पीकर वेगवेगळ्या ठिकाणांहून अर्थिंग घेतात आणि सिग्नलच्या केबलीतून वर्तुळ पूर्ण होतं. आधी दोन्ही यंत्रं एकाच पॉवर बोर्डवर आणा. मग बॅलन्स्ड केबल वापरा. तरी राहिली, तर ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या केबलीतलं अर्थिंग तोडणारा स्विच) असलेला डीआय बॉक्स किंवा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर सिग्नलच्या वाटेत घाला. लॅपटॉपबरोबर चिरका 'चींऽऽ' येत असेल, तर चार्जर काढून पाहा. थांबला तर तोच दोषी.

आणखी एक सहज होणारी गफलत म्हणजे पाव इंची जॅकची स्पीकर-केबल. दिसायला ती सिग्नलच्या केबलीसारखीच असते, पण तिच्यात शील्ड (बाहेरची भणभण अडवणारं धातूचं आवरण) नसतं. ती इनपुटला लावली की भणभण येणारच.

सावधान: घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन कापू नका, तिच्यावर टेप लावू नका. घूं कदाचित थांबेल, पण आत शॉर्ट झाला तर स्पीकरच्या धातूच्या पॅनलवर आणि माइकच्या जाळीवर वीज येईल. गाणाऱ्याचे ओठ त्या जाळीला टेकलेले असतात. यावर तडजोड नाही.

काहीही न जोडता घूं येत असेल, तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर सुकले असण्याची शक्यता आहे, विशेषतः वजनदार ट्रान्सफॉर्मर असलेल्या जुन्या स्पीकरमध्ये. ५० हर्ट्झच्या विजेवर ही घूं १०० हर्ट्झची असते आणि नॉब फिरवून कमी-जास्त होत नाही. ते काम टेक्निशियनचं.

### सततची 'सूऽऽ'

जोडणी तशीच ठेवून स्पीकरचा नॉब खाली आणा आणि मिक्सरचा मास्टर वर न्या. आवाज तेवढाच राहून 'सूऽऽ' कमी झाली, तर बिघाड काहीच नव्हता, लेव्हलची वाटणी चुकली होती. मिक्सर अगदी कमी आणि स्पीकर पूर्ण उघडा ठेवायची सवय फार पसरली आहे.

### खरखर आणि मध्येच तुटणारा आवाज

हळू आवाजात गाणं लावा. एका हाताने इनपुटचा कनेक्टर हलवा, मग प्रत्येक नॉब, मग मुठीने मागच्या पॅनलवर हलकेच ठोका. ज्या जागी हात लागताच आवाज तुटतो, दोष त्या जागेच्या आसपास. सॉकेटचं तडकलेलं सोल्डर, सैल रिबन केबल, ढिली झालेली क्लिप ही नेहमीची कारणं. स्पीकर स्वतःच्याच कंपनाने वर्षानुवर्षं हादरत असतो, त्यामुळे हे सांधे आधी जातात.

अर्ध्या तासाने बंद पडून थोड्या वेळाने आपोआप सुरू होणारा स्पीकर बहुधा गरम होतोय: धुळीने माखलेला हीटसिंक, बंद पडलेला पंखा किंवा भिंतीला टेकलेली पाठ. याउलट प्रत्येक जोरदार ठोक्याला क्षणभर गप्प होणारा स्पीकर विजेकडे बोट दाखवतो. लांब, बारीक एक्स्टेन्शनमुळे व्होल्टेज कोसळतं. गाणं जोरात चालू असताना त्याच बोर्डच्या मोकळ्या सॉकेटमध्ये व्होल्टेज मोजा. आणि केबल रीलवर गुंडाळलेली असेल, तर पूर्ण उलगडा, गुंडाळीत ती तापते.

### फाटका आवाज

आधी मिक्सरचे लाल दिवे पाहा. मिक्सरमध्येच फाटलेला आवाज कोणताही स्पीकर शिवून देऊ शकत नाही. हेडफोनवर मिक्सर साफ असेल, तरच पुढे जा.

आता कमी आवाजात ६० ते ४०० हर्ट्झपर्यंत साइन टोन सावकाश चढवत न्या. एखाद्याच ठिकाणी झणझण येत असेल, तर जाळी, हँडल, स्टँडचा स्क्रू, पॅनलच्या कडा एकेक करून हाताने दाबा. दाबल्यावर थांबली, तर दोष खोक्याचा. दाबूनही खरवड राहिली आणि सगळ्याच खालच्या टोनवर येत असेल, तर वूफरची कॉइल घासतेय. पडलेल्या स्पीकरमध्ये चुंबक सरकल्यानेही असं होतं.

### बारीक आवाज गायब

पिंक नॉइज अगदी हळू लावा आणि कागदाची सुरळी करून तिच्या एका टोकाने हॉर्नचं तोंड हुंगल्यासारखं तपासा, दुसरं टोक कानाजवळ. हॉर्न जिवंत असेल तर स्पष्ट 'श्शऽऽ' येईल.

सावधान: हॉर्नसमोर कान असताना दुसऱ्या कोणालाही मिक्सरला हात लावू देऊ नका. वरच्या पट्टीतला साइन टोन मोठ्या आवाजात काही सेकंदांच्या वर ठेवू नका. चांगला डायफ्रामही (हॉर्नमधला पातळ पडदा) त्याने जळतो.

## टप्पा ८: उघडायचं असेल तर

इथपर्यंतच्या वहीतून संशय वूफरवर किंवा हॉर्नवर ठरला असेल, तरच उघडा. अ‍ॅम्पचं किंवा पॉवर सप्लायचं मॉड्यूल स्वतः उघडू नका. २३० व्होल्टवरच्या एसएमपीएसमधल्या (स्विचिंग प्रकारच्या पॉवर सप्लायमधल्या) मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतो, आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. वूफर काढून आत हात घालताना मागच्या मॉड्यूलचा उघडा बोर्ड हाताला लागू शकतो, हे आधीच ध्यानात ठेवा. प्लग काढा, बराच वेळ थांबा, आणि तरीही बोर्डापासून हात लांब ठेवा.

१. वीज-केबल काढून नजरेसमोर ठेवा.
२. स्पीकर पाठीवर आडवा करून जाळी काढा. वूफर बाहेर काढण्याआधी बोटं पसरून कोन मध्याभोवती समान दाबा. मऊ, निःशब्द हालचाल हवी. एका बाजूने दाबलं तर चांगला वूफरही घासतो.
३. वूफरचे स्क्रू काढा. तारांचा फोटो घ्या, मग क्लिपा काढा.
४. तारा सुटलेल्या असतानाच रेझिस्टन्स मोजा. ८ ओहमचा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग, इथे वूफर) मीटरवर साधारण ५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ४ च्या आसपास. अनंत दाखवला तर कॉइल तुटली आहे. शून्याच्या जवळ दाखवला तर शॉर्ट.
५. हॉर्नचंही तसंच मोजा. हॉर्नच्या वाटेत कपॅसिटर असेल, तर मीटरची टोकं थेट ड्रायव्हरच्या टर्मिनलवर लावा, नाहीतर चांगला ड्रायव्हरही तुटका दिसेल.
६. पोलॅरिटीची शंका असेल, तर १.५ व्होल्टचा सेल फक्त वूफरला क्षणभर टेकवा. सेलचं + वूफरच्या + ला असताना कोन सहसा पुढे उसळतो. जोडीतल्या दोन्ही वूफरना सारखंच वागायला हवं.

आकडे बरोबर आणि हालचाल मोकळी असेल, तर ड्रायव्हर बदलू नका. क्लिपा काढून-घालून घट्ट करा आणि पुन्हा वाजवा. ढिल्या क्लिपेपायी नवा वूफर आणणं हा निव्वळ अपव्यय आहे.

हॉर्नची कॉइल तुटलेली निघाली, तर अनेक कॉम्प्रेशन ड्रायव्हरमध्ये (हॉर्नमागच्या आवाज काढणाऱ्या भागात) फक्त डायफ्राम बदलता येतो. त्याच मॉडेलचाच घ्या, मापात बसणारा दुसरा चालत नाही. आधीचा का जळला हेही शोधा. बंद पडलेला लिमिटर (जास्तीचा सिग्नल दाबणारा भाग) किंवा कायम लाल दिव्यावर चालवलेला मिक्सर तसाच राहिला, तर नवाही टिकणार नाही.

बसवताना वूफरचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे-थोडे आवळा. एकीकडून पूर्ण आवळत गेलात तर फ्रेम वाकते किंवा फटीतून हवा फुसफुसते, आणि ती फुसफुस नवीन दोष वाटते.

## टप्पा ९: शेवटची चाचणी, किंवा टेक्निशियन

दुरुस्त झाला असं वाटल्यावर किमान तासभर, नेहमीच्या कामाच्या आवाजात वाजवा. आधी मिक्सर चालू, शेवटी स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर. तासानंतर बंद करून दहा मिनिटांनी परत चालू करा, कारण तापलेल्या अवस्थेत सुरू होताना नडणारे दोष पहिल्या चाचणीत दिसत नाहीत.

टेक्निशियनकडे न्यायचा असेल, तर वहीतलं पान सोबत द्या: कोणत्या इनपुटवर, थंड असताना की गरम, नॉबच्या कोणत्या स्थितीत, सिग्नलचा दिवा लागत होता की नाही, आणि मोजलेले ओहम. 'आवाज नीट येत नाही' एवढंच सांगितलं, तर त्याला टप्पा तीनपासून सगळं पुन्हा करावं लागेल. दोष अधूनमधून येणारा असेल, तर तो आलेला असतानाचा फोनवरचा व्हिडिओही द्या, ज्यात मागच्या पॅनलचे दिवे दिसतील.